पाहुणे, साहेब आणि आमची वहिनी

आमच्या वहिनीशी खोटं बोलून कोणी सुटल्याचं मला माहीत नाही. मी शाळेत गणित शिकवते, खोटं पकडणं हा माझाही धंदाच आहे, पण मला निदान मुलांच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. वहिनी चेहऱ्याकडे बघतच नाही. ती वजनकाट्याकडे बघते.

ती इस्पितळात डायलिसिसची टेक्निशियन आहे. ज्यांच्या किडन्यांनी संप पुकारलाय त्यांचं रक्त यंत्रातून गाळून परत त्यांच्या अंगात सोडायचं, हे तिचं काम. एकेक माणूस चार चार तास खुर्चीत, आठवड्यातून तीनदा. मधल्या दिवसांत त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, कारण प्यालेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. आणि सगळे जास्त पितात. पिऊन वर चेहरा साळसूद करून येतात. वहिनी त्यांना काट्यावर उभं करते आणि विचारते, “किती प्यायलात?” समोरचा म्हणतो, “घोटभर.” वहिनी काट्याकडे बघून म्हणते, “तुमचा घोट अडीच किलोचा आहे.” आवाज चढवत नाही, उपदेश करत नाही. माणूस काही सांगो, पाणी खरं काय ते सांगतं, एवढंच तिचं म्हणणं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच पाण्याने आमच्या घरातल्या तिघांची अब्रू काढली.

तिच्याकडे सहा वर्षं एक घड्याळवाले काका येत होते. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे कोणाचं काम चोख झालं की त्यांना राहवत नसे. वहिनीने पहिल्या टोचणीत सुई नेमकी शिरेत घातली की ते म्हणायचे, “बसलं.” चाक खाचेत बसल्यावर म्हणायची ती सवय. दोघांचं गूळपीठ जमलं ते मात्र पाण्यावरून. काकांच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी होती, आत जिवंत प्रवाळ. गाळलेलं पाणी, त्यात तोलून घातलेले क्षार, चोवीस तास फिरणारे पंप. वहिनीला हे सगळं ऐकताना आपल्याच वॉर्डाची गोष्ट ऐकल्यासारखं वाटायचं. घरी येऊन ती आम्हाला प्रवाळाची तब्येत सांगायची आणि आम्ही जेवताना कंटाळून माना हलवायचो.

मग काकांना त्यांच्या मुलीने किडनी दिली. वॉर्डात पेढ्यांऐवजी त्यांनी सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं वाटली, इतके ते खुशीत. पण किडनी बसवली की जन्मभर अशी औषधं घ्यावी लागतात, की अंगाची जंतूंशी झगडायची ताकद कमी होते. टाकीच्या पाण्यात हात घालायची त्यांना कायमची मनाई झाली. बोटावरच्या एखाद्या ओरखड्यातूनही काय आत शिरेल सांगता येत नाही. काका मुलीच्या गावी राहायला निघाले आणि टाकी आमच्या हॉलमध्ये आली. म्हणजे नेमकी तिथे, जिथे माझं वह्या तपासायचं टेबल होतं. उचलायला चार माणसं लागली, दादाची कंबर आठवडाभर धरली, आणि मी महिनाभर वहिनीशी कामापुरतं बोलले.

आता खरं सांगायचं तर ते टेबल गेल्याचं दुःख मला फार दिवस टिकवता आलं नाही. टाकीच्या मधोमध काकांचं प्रवाळ होतं. अंगठ्याएवढा तुकडा आणून त्यांनी आणि काकूंनी एकोणीस वर्षं वाढवलेला. काकू गेल्या, ते वाढतच राहिलं. दगडासारख्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरव्या बोटांचा झुपका. दिवे लागले की ती बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर हलत राहायची. मी वह्या घेऊन सोफ्यावर बसायचे आणि तासाभरात तीन वह्या तपासून व्हायच्या.

पुढे वहिनीने एक लहानसा प्रवाळाचा दगड विकत आणला, आणि त्याच्या पाठीमागे लपून आला एक जीव. काचेसारखा पारदर्शक देठ, वर तपकिरी केसांचं वर्तुळ. समुद्रफूल म्हणतात त्याला. नावात फूल असलं तरी तो प्राणी आहे, आणि हा तर त्यातला उपद्रवी प्रकार. पण हे मला काय ठाऊक? मीच म्हणाले, “काय गोड आहे गं.” आईने त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. पाहुण्याने हातपाय पसरले, भावंडं बोलावली, आणि बघता बघता अकरा जण झाले. त्यांच्या केसांना डंख असतो. जे प्रवाळ त्यांच्या शेजारी, ते आक्रसून आत जातं.

अशातच काकांचा फोन आला. तीन महिन्यांनी तपासणीसाठी ते आमच्याच इस्पितळात येणार होते. “प्रवाळ बघून जाईन म्हणतो,” ते म्हणाले. “हात नाही लावणार, काचेबाहेरून बघेन. कसं आहे ते?”

“मजेत आहे, काका,” वहिनी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिचा चेहरा मी पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा तीच कोणाला तरी घोटभर म्हणाली होती.

त्याच रविवारी ती बाह्या सरसावून बसली. आता वहिनीचा स्वच्छतेचा नाद म्हणजे विचारू नका. आमच्या घरात कोणी हात धुऊन आलं तरी ती त्याला पुन्हा धुवायला पाठवते. जंतू दिसला की घासायचा, हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. तिने धारदार पातं घेतलं, दात घासायचा नवा ब्रश घेतला, आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून अकराच्या अकरा पाहुणे खरवडून काढले. वर दगड घासून घासून लख्ख केला. संध्याकाळी ती सोफ्यावर पाय ताणून बसली आणि म्हणाली, “झालं बघ. साफ.”

तीन आठवड्यांनी मी मोजायला बसले. एकशे बेचाळीस होते.

झालं असं, की हा प्राणी कापला तर मरत नाही. त्याच्या देठाची चिंधी जिथे पडेल तिथे नवा प्राणी उभा राहतो. वहिनीने त्यांना घासून घासून टाकीभर पेरलं होतं. मी गणिताची बाई आहे, अकराचे एकशे बेचाळीस होणं मला फळ्यावर मांडून दाखवता आलं असतं, पण तिच्याकडे बघून मी वह्यांकडे वळले. सगळ्यात वाईट म्हणजे ते आता काकांच्या प्रवाळाच्या फांद्यांमध्ये शिरले होते, अगदी बुडाशी. हिरवी बोटं आत गेली. मधल्या तीन फांद्या पांढऱ्या पडल्या, नुसता सांगाडा. आणि काका यायला नऊ आठवडे उरले होते.

मग तिने सुई काढली. चुन्याचं दाट पाणी सिरिंजमध्ये भरायचं आणि पाहुण्याच्या तोंडात टोचायचं, असा एक उपाय असतो. ज्यांची शीर तिघाजणांना सापडत नाही, त्यांची शीर वहिनीला एका फटक्यात सापडते. त्यामुळे आम्ही खुर्च्या टाकून बघायला बसलो. पण पाहुणे महावस्ताद. सुईची सावली पडली की सुळकन दगडाच्या भेगेत. मोकळ्यावरचे वीसेक मेले, फांद्यांमधल्या एकालाही सुई पोचेना. जास्त जोर करावा तर प्रवाळच तुटायचं. तिने सिरिंज धुतली आणि डब्यात ठेवून दिली.

शेवटी ती टाकीवाल्याकडे गेली. टाकीवाला म्हणजे माशांचं नि टाक्यांचं सामान विकणारा, भलताच प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, हे खाणारा मासा असतो. एक पिवळ्या पट्ट्यांचा लांब चोचीचा आहे, दिसायला राजबिंडा, पण नाजूक, नव्या घरात उपाशी राहून जीव देतो. दुसरा हा. त्याने कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं. आत शेवाळी रंगाचा, कातडी कानशीसारखी खरखरीत, तोंड पुढे काढलेला, पाठीवर एक काटा उभा केलेला बोटभर मासा होता. फाइलफिश म्हणतात. “हा खातो,” टाकीवाला म्हणाला. “पण दोन गोष्टी आहेत, ताई. पोट भरलेलं असलं तर खात नाही. आणि ते संपल्यावर प्रवाळ खाणारच नाही, अशी हमी मी देत नाही.”

वहिनी दुकानात वीस मिनिटं नुसती उभी राहिली. काकांचं प्रवाळ वाचवायला प्रवाळ खाऊ शकणारा मासा आणायचा. मग म्हणाली, “द्या.”

नवा पेशंट सरळ वॉर्डात घ्यायचा नाही, आधी वेगळा ठेवायचा, हा तिचा नियम. म्हणून साहेब पंधरा दिवस न्हाणीघरातल्या टबात राहिले. ‘साहेब’ हे नाव आईचं. मासा कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांकडे एकेका डोळ्याने बघायचा आणि काही करायचा नाही, म्हणून. दादा रोज दाढी करताना त्याच्याशी गप्पा मारायला लागला. एका संध्याकाळी आई न्हाणीघरातून घाबरीघुबरी बाहेर आली. साहेब नळीला तोंडाने धरून, आडवे, निश्चल लटकले होते.

“गेला गं,” आई म्हणाली.

“झोपलाय, आई,” वहिनी म्हणाली. “ते असेच झोपतात. वाहून जाऊ नये म्हणून धरून ठेवतात काहीतरी.”

आईला ते फारच आवडलं. घट्ट धरून झोपणारा जीव म्हणजे चांगल्या घरचा, असं तिने ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांनी साहेब मोठ्या टाकीत रुजू झाले. वहिनीने फर्मान काढलं, की कोणीही त्याला दाणा घालायचा नाही, भूक लागली की तो कामाला लागेल. टाकीतल्या दोन केशरी माशांना ती स्वतः चिमूटभर घालत असे, तेवढंच. टाकीच्या बाजूला तिने वॉर्डातल्यासारखा तक्ता चिकटवला, तारीख आणि पाहुण्यांचा आकडा. पहिल्या दिवशी एकशे एकोणीस. तिसऱ्या दिवशी एकशे एकोणीस. आठव्या दिवशी एकशे सव्वीस. साहेब पाहुण्यांच्या समोरून जायचे, एक डोळा फिरवून बघायचे आणि पुढे जायचे.

दोन आठवडे गेले. काका यायला एक महिना राहिला. वहिनी डबा अर्धा परत आणायला लागली. मी तिला म्हणाले, “फोन करून खरं सांगून टाक ना.” ती म्हणाली, “बाईसाहेब, त्यांना मुलीने दिलेली किडनी सांभाळायचीय. त्यात माझं रडगाणं कशाला?” मला ती ‘बाईसाहेब’ म्हणते ते चिडली असली तरच.

आणि मग तो रविवार आला. वहिनी दर रविवारी सकाळी टाकीचं पाणी तपासते. छोट्या नळ्या, थेंब, रंग. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो. तिने एक नळी उजेडात धरली, तक्त्याशी ताडून पाहिली, पुन्हा पाणी घेऊन पुन्हा तपासलं. मग नळी आमच्या ताटांच्या मध्ये आणून ठेवली. आतलं पाणी गडद लाल होतं. टाकीत खाणं जितकं जास्त पडेल, तितका हा रंग गडद होतो.

“मी रोज चिमूटभर खाणं घालते,” ती म्हणाली. “हे चिमटीभर खाण्याचं पाणी नाही. कोण घालतंय, आणि किती?”

हाच तो आवाज. काट्यावर उभं केल्यासारखं वाटलं. दादाने वर्तमानपत्र उचललं. वहिनी म्हणाली, “पेपर उलटा आहे.”

“एक तुकडा,” दादा म्हणाला. “त्या माशांच्या सुक्या खाण्याच्या वड्यांतला. सकाळी. त्याला माझी सवय झालीय गं, दाढी करताना…”

“एक?”

“दोन. कधी तीन.”

तेवढ्यात आई म्हणाली, “मग मी देते ते त्याला जड होत असेल.” आमच्या माना वळल्या. आई दुपारी, घरात कोणी नसताना, कोळंबी बारीक चिरून घालत होती. रोज. “उपाशी जीव समोर फिरतो आणि मी घास कसा गिळू? तुम्ही सांगा,” ती म्हणाली, आणि उलट आमच्यावरच डोळे वटारले.

मी अगदी ताठ बसले होते. शिस्तीच्या नावाने शाळाभर प्रसिद्ध असलेली बाई. वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नुसतं म्हणाली, “अजून हिशेब जुळत नाही.”

“घोटभर,” मी म्हणाले. “म्हणजे दाणे. वह्या तपासून झाल्या की. पाच-सहा.”

साहेब दिवसातून तीनदा भरपेट जेवत होते, आणि प्रत्येक अन्नदात्याला वाटत होतं की आपणच तेवढे दयाळू. वहिनीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मला वाटलं आता तिच्या अंगाचा तिळपापड होणार. तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, टेबलाला धरून. महिन्याभरात पहिल्यांदा.

हसून झाल्यावर तिने खाण्याच्या सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेऊन आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या; केशरी माशांपुरती चिमूट तेवढी ती रोज पुडीतून आणायची. कोळंबीसुद्धा घरात येणं बंद झालं.

पहिल्या दिवशी साहेब दाढीच्या वेळेला काचेशी येऊन उभे राहिले. दादाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे पाहिलं आणि आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या घाईत एका हातात बूट घेऊन हॉलमधून जात होते आणि जागच्या जागी थांबले. साहेब एका पाहुण्यासमोर तिरके उभे होते. पाठीवरचा काटा ताठ. ते थोडे मागे सरकले, पुन्हा पुढे आले. तोंडाचा चंबू झाला, आणि टोच! पाहुण्याचे दोन केस गेले. पाहुणा आक्रसला. साहेब थांबले, चव घेतल्यासारखे. मग त्यांनी देठाला चावा घेतला आणि मान झटकून उपटला.

मी वहिनीला हाक मारलीच असेल, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती ओल्या केसांनी धावत आली, दादा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून आला, आई माझ्या खांद्याला धरून टाचा उंच करून उभी राहिली, आणि आम्ही चौघं काचेला नाकं लावून एका बोटभर माशाचं जेवण बघत होतो. त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला. नोकरीच्या अठरा वर्षांत पहिला. मला त्याचं काहीही वाटलं नाही, उलट मी रस्त्याने चालताना आपली आपण हसत होते.

त्यानंतर तक्ता वाचणं हा आमचा छंदच झाला. अठ्ठ्याण्णव. त्र्याहत्तर. चाळीस. दादा ऑफिसातून फोन करून आकडा विचारायचा. मोकळ्या दगडांवरचे संपले, साहेबांनी प्रवाळाच्या फांद्यांमध्ये तोंड घातलं, आणि त्या निमुळत्या तोंडाचा उपयोग आम्हाला तेव्हा कळला. जिथे सुई पोचली नाही तिथे ते पोचत होतं. एकोणीस. बारा.

बाराच्या आकड्यावर, काका यायला दोन आठवडे असताना, वहिनीने मला हलकेच बोलावलं. साहेब प्रवाळाशी होते. त्यांनी एका फांदीच्या टोकाला, जिथून हिरवं बोट जेमतेम डोकावत होतं, तिथे तोंड लावलं. टोच.

आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

आता काय करायचं? मासा बाहेर काढायचा तर सगळे दगड हलवायचे, म्हणजे प्रवाळाचे हाल. आत ठेवायचा तर तो प्रवाळ कुरतडणार. पोटभर खायला घातलं तर तो प्रवाळ सोडेल, पण बुडाशी उरलेले बारा पाहुणेही सोडेल, आणि बाराचे पुन्हा एकशे बेचाळीस व्हायला कितीसा वेळ? मी हे सगळं भराभरा बोलून दाखवलं. वहिनी टाकीसमोर मांडी घालून बसली होती.

मग म्हणाली, “माझ्या पेशंटला मी काय सांगते? पाणी प्यायचंच नाही असं सांगते का?”

“नाही. मोजून.”

“मोजून,” ती म्हणाली आणि उठली.

प्रत्येक पेशंटचं एक वजन ठरलेलं असतं. त्याच्या वर गेला तर दम लागतो, खाली गेला तर चक्कर येते. ते वजन पुस्तकात नसतं, माणसाकडे रोज बघून बघून काढावं लागतं. वहिनीने साहेबांची ती रेघ शोधायला घेतली. डब्या कपाटातून घरी आल्या. पाव वडी सकाळी आणि पाव संध्याकाळी. पहिल्या दिवशी साहेबांनी प्रवाळाला दोनदा तोंड लावलं, म्हणजे कमी पडलं. दुसऱ्या दिवशी अर्धी अर्धी. साहेब सुस्तावले, पाहुण्यांकडे पाठ. म्हणजे जास्त झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धी, संध्याकाळी पाव, आणि ती रजा टाकून दिवसभर टाकीसमोर बसली. दुपारी साहेब प्रवाळावरून गेले, थांबले, हिरव्या बोटांकडे पाहिलं, आणि खाली बुडाशी जाऊन एक पाहुणा उपटला. वहिनीने माझा हात इतका घट्ट दाबला की तिच्या नखांचे ठसे उमटले.

फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सकाळी दादा, संध्याकाळी मी. आईने रुसून बघितलं म्हणून तिला रविवार. जे चोरून केल्याबद्दल आमची चौकशी झाली, तेच आता आमच्या नावाने लिहून लावलं होतं. दादा अर्धी वडी पट्टीने मोजून कापायचा.

काका आले त्या सकाळी तक्त्यावर शून्य होतं. पण प्रवाळ नीट उघडलं नव्हतं. गेले तीन दिवस बोटं अर्धी यायची नि परत जायची. वहिनी पहाटेपासून घरभर येरझाऱ्या घालत होती. टाकीचे दिवे दहाला लागतात, आणि काका नऊलाच दारात उभे. गाल भरलेले, तोंडावर मास्क, चाल ताठ. वहिनी त्यांना नमस्कार करायला वाकली तर म्हणाले, “थांब, आधी वजन सांगतो. एकसष्ट. आणि पाणी हवं तेवढं पितो.”

वहिनी दिव्याच्या बटणाकडे वळली. “नको,” काका म्हणाले. “त्याची दहाची वेळ आहे ना? मग दहालाच लागू दे.” अंधाऱ्या टाकीसमोर खुर्ची घेऊन ते बसले. तो तासभर आमच्या हॉलमध्ये पाच माणसं बसली होती आणि चहा गार झाला. साडेनऊला वहिनीला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. मजेत आहे म्हणाले ते खोटं होतं, पातं, ब्रश, एकशे बेचाळीस, पांढऱ्या पडलेल्या तीन फांद्या. मान खाली घालून, काट्यावर उभ्या केलेल्या पेशंटसारखी.

काका म्हणाले, “ब्रश? मी वस्तरा वापरला होता. पहिल्याच वर्षी. तुझ्या काकूने सहा महिने मला टाकीजवळ फिरकू दिलं नाही.”

दहा वाजले. निळे दिवे लागले, मग पांढरे. काकांनी खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं. आधी काहीच झालं नाही. साहेब एक चक्कर मारून गेले. मग डावीकडच्या फांदीतून एक बोट बाहेर आलं, मग चार, मग शेजारची फांदी, आणि बघता बघता अख्खं प्रवाळ फुलून उभं राहिलं. मधल्या तीन मेलेल्या फांद्या हिरव्या गर्दीत शोधाव्या लागत होत्या. मला रडू येतंय हे मला आईने पदर पुढे केल्यावर कळलं.

काकांनी भिंग खिशात ठेवलं. मग म्हणाले, “या माशाला खायला कोण घालतं?”

“मी,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

काका उठून काचेजवळ गेले. दोन्ही हात मागे बांधले, एकात एक धरून, चुकूनही पुढे येऊ नयेत म्हणून. “मी याला दर महिन्याला पाव फेरा द्यायचो,” ते म्हणाले. “मागच्या अंगालाही उजेड लागतो. तू देशील?”

वहिनीने कोपरापर्यंत हात धुतले, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. प्रवाळाच्या बुडाशी दगड धरला. काका सांगत होते, “हळू. अजून. घड्याळाच्या काट्यासारखा.” मी त्यांच्या मागे उभी होते. टाकीत वहिनीचा हात फिरत होता, आणि पाठीमागे बांधलेल्या काकांच्या हाताची बोटं तितकीच, त्याच बाजूला, फिरत होती. दगड टेकला. बोटं थांबली.

“बसलं,” काका म्हणाले.